दत्तूसाहेब आणि आमचा उकिरडा

पाव्हणा घरी येतो तो पुढच्या दारानं येतो. चपला काढतो, पाय धुतो, ओट्यावर टेकतो, पाणी पितो. आमचे दत्तूसाहेब आले की आधी घराला वळसा घालून मागं जातात. गोठा ओलांडतात आणि उकिरड्यासमोर हात मागं बांधून उभे राहतात, देवळात उभं राहावं तसे. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मी आपली पुढच्या दारात पाण्याचा तांब्या धरून ताटकळत. मग स्वारी हळूहळू पुढं येते आणि माझी ख्यालीखुशाली विचारायच्या ऐवजी मलाच ती सांगते.

"वहिनी, परवा पाव्हणे व्हते. पाच-सहा जण. एक तान्हं पोर बी व्हतं. आन् तुमची लोणच्याची बरणी फुटली."

आणि खरं असतं हो सगळं! नणंद आलेली असते, तिची नात डायपर लावून आलेली असते, आणि बरणी तिच्याच थोरल्या नातवानं फोडलेली असते. आता सांगा, घरातली बातमी दाराशी यायच्या आधी जर मागच्या बाजूनं बाहेर पडत असेल, तर माणसानं लपवायचं काय आणि बोलायचं काय?

दत्तूसाहेब आमच्या डिंगोऱ्याचे नाहीत. जर्मनीचे आहेत. उंच, गोरेपान, आता पाठीत थोडे वाकलेले. डोक्यावर कापडी टोपी, अंगात सतरा खिशांची प्यांट. खरं नाव डीटर. आडनाव एवढं लांब की ते म्हणून होईस्तोवर चहा गार होतो. पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या सासूबाई होत्या. त्यांना काही डीटर म्हणता येईना. चारदा म्हणून बघितलं आणि म्हणाल्या, "मरू दे तिकडं. मी दत्तू म्हणते. देवाचं नाव हाय, तोंडात आलं तर पुण्यच लागंल." झालं. तेव्हापासून गावाला ते दत्तूसाहेब, मला भावजी, आणि मी त्यांची वहिनी.

हे प्रोफेसर. त्यांच्याकडच्या मोठ्या विद्यापीठात चाळीस वर्षं शिकवलं. विषय काय, तर लिहिणं-वाचणं निघायच्या आधीची माणसं. मी सातवी शिकलेली. पुढचं शिक्षण पुड्यांचे कागद आणि वाचनालयाची पुस्तकं वाचून झालेलं. मी सरळ विचारलं, "भावजी, त्या लोकांनी लिहूनच ठेवलं न्हाई, तर तुमी पोरांना शिकवता काय?"

"त्यांचा कचरा," म्हणाले.

मला वाटलं थट्टा करतायत. पण नाही. म्हणाले, "वहिनी, राजा लिहून ठेवतो तवा तो स्वतःबद्दल चांगलंच लिहितो. कचरा कुणी दाखवायला टाकत न्हाई. कचरा खोटं बोलत न्हाई." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दिवसातून तीनदा तरी ऐकायचं, गोळी घेतल्यासारखं.

तर हा माणूस एवढा समुद्र ओलांडून आला तो कशासाठी? आमच्या नदीकडच्या रानात हजारो वर्षांपूर्वी कुणी माणसं राहत होती, त्यांचा उकिरडा शोधायला! आणि सापडला की. आमच्या कांद्याच्या वावराच्या कोपऱ्यात, बांधाला लागून. लाल-काळी खापरं, जळके दाणे, हाडं. त्या दिवशी दत्तूसाहेब चिखलानं माखलेले घरी आले आणि सासूबाईंच्या पाया पडले. सासूबाई मला हळूच म्हणाल्या, "एवढा शिकलेला माणूस, आन् उकिरडा सापडला म्हणून पाया पडतो. सोनं सापडलं असतं तर काय केलं असतं गं?" मी म्हटलं, "सोनं सापडलं असतं तर तोंड पाडून बसले असते."

विद्यापीठात होते तोवर चार आठवडे यायचे, सोबत दहा-बारा पोरं-पोरी घेऊन. नोकरी संपल्यावर एकटेच यायला लागले, दिवाळी झाली की यायचे ते संक्रांत उलटली की जायचे. आमच्या मागच्या खोलीत मुक्काम. त्या खोलीत तीस पोती खापरं रचलेली, त्यांच्या मधून खाटेपर्यंत जायला एक पायवाट. त्यांची कामाची हत्यारं म्हणजे गवंड्याची थापी, पिठाची चाळण आणि दाढीचा ब्रश. त्या ब्रशानं माती अशी हलक्या हातानं झाडायचे की बघणाऱ्याला झोप यावी. आमचे मालक, बबनराव, एकदा बांधावर उभे राहून अर्धा तास बघत होते. शेवटी म्हणाले, "साहेब, ह्या चालीनं माझं वावर नांगरायचं म्हटलं तर नातू म्हातारा हुईल."

मराठी ते आमच्याच रानात शिकले, खुरपणाऱ्या बायांकडून. त्यामुळं त्यांना पुस्तकातलं मराठी येतच नाही. एकदा जुन्नरच्या एका कॉलेजात भाषणाला बोलावलं. शाल, नारळ, समई, सगळं थाटात. हे उभे राहिले आणि म्हणाले, "पोरांनो, आमी लई खापरं गोळा केली राव." पुढं बसलेले कोट घातलेले लोक एकमेकांकडं बघायला लागले. पोरांनी मात्र बाकं वाजवली. मग ह्यांनी काय करावं? कोपऱ्यातली कचऱ्याची टोपली उचलली आणि समईशेजारी टेबलावर उपडी केली. म्हणाले, "सांगा, ह्या वर्गात कोण बसतं?" त्यांच्या विद्यापीठात दरवर्षी पहिला तास असाच व्हायचा म्हणे. तिकडं एकदा पोरांनी टोपली बघून सांगितलं होतं, हा माणूस सर्दीनं हैराण आहे, परीक्षेत नापास होणार आहे आणि प्रेमात पडलाय. तर मागच्या बाकावरचा एक जण शिंकला आणि उठून बाहेर गेला.

पिंपरी पेंढारला माझ्या भाचीचं लग्न होतं. दत्तूसाहेबांना घेऊन गेलो. सगळी मंडळी मांडवात, आणि हे मांडवाच्या मागं, उष्ट्या पत्रावळींच्या ढिगापाशी वही घेऊन उभे. कोण काय टाकतंय, किती टाकतंय. नवरीच्या मामाला वाटलं, पाव्हणा उपाशी राहिला आणि लाजून मागं उभा आहे. त्यानं हाताला धरून पंगतीत बसवलं. जेवले. परत ढिगापाशी. मग चुलत्यानं बघितलं. परत पंगत. मग नवरदेवाकडच्या कुणीतरी. नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नाही. तीन वेळा जेवले. परतताना एसटीत पोट धरून बसले होते आणि तरी वहीत लिहीत होते. "वहिनी, बायांच्या पत्रावळीत भात उरतो, बाप्यांच्या पत्रावळीत भाजी. हे मला आधी माहीत नव्हतं."

ह्या लिहून ठेवण्यापायीच आमच्या मालकांचं आणि त्यांचं बिनसलं. झालं असं की मार्गशीर्ष महिना. मी गुरुवार धरते, महिनाभर घरात मांसमच्छी, अंडं काही नाही. मालकही म्हणाले, मी पण पाळणार. मला किती बरं वाटलं! आणि एका सकाळी दत्तूसाहेब उकिरड्यावरून आले, वही उघडली, पेन सरसावलं आणि अगदी निरागसपणे विचारलं, "वहिनी, मार्गशीर्षात अंडी चालायला लागली का? रिवाज बदलला का? वर्तमानपत्रात गुंडाळलेली टरफलं हायेत. चार."

मी मालकांकडं बघितलं. मालक छताकडं बघायला लागले. त्या दिवसापासून त्यांनी दत्तूसाहेबांशी कामापुरतंच बोलायचं ठरवलं. "पाव्हणा हाय का सीआयडी?" म्हणायचे. पुढं किती वर्षं गेली, पण मालक तो डूख काही विसरले नाहीत. दत्तूसाहेब नमस्कार करायचे, हे "हूं" म्हणून बशीतला चहा फुरकायचे. आमचे मालक कपातून चहा पीत नाहीत बरं का. त्यांची एक ठरलेली बशी आहे, पांढरी, काठाला हिरवी वेल. लग्नाच्या आहेरातल्या सेटातली तेवढीच उरलेली. तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

आता चिठ्ठ्यांचं सांगते. खड्ड्यातून निघालेल्या प्रत्येक खापरासोबत एक चिठ्ठी असते. दत्तूसाहेबांच्या चिठ्ठीवर चार ओळी असतात. जागा, थर, तारीख आणि चौथी, कुणाचं. ही चौथी ओळ इतर कुणी घालत नाही, ह्यांनी स्वतःची घातलेली. आणि त्या ओळीपुढं दरवेळी काय लिहायचे, तर प्रश्नचिन्ह. तीस पोत्यांत हजारो चिठ्ठ्या, सगळ्यांवर प्रश्नचिन्ह. मी म्हटलं, "भावजी, उत्तर कधीच मिळणार न्हाई तर ती ओळ काढून टाका की. शाई वाचंल."

ते हातातलं खापर फिरवत राहिले. त्यावर आतल्या बाजूला बोटांचे ठसे होते, मडकं घडवताना उमटलेले. म्हणाले, "वहिनी, पन्नास वर्षं मी ह्या लोकांच्यात राहिलो. त्यांनी काय खाल्लं, मला माहीत हाय. त्यांची पोरं कशानं मेली, ते बी माहीत हाय. पण एकाचं बी नाव माहीत न्हाई. निदान विचारत तरी राहावं."

हे खापरांचं वेड कुठून लागलं तेही एकदा सांगितलं होतं, कांद्याची पात कापता कापता. त्यांच्या लहानपणी तिकडं लढाई नुकती संपलेली. गावंच्या गावं ढासळलेली. आई ह्यांना घेऊन ढिगाऱ्यात जायची आणि म्हणायची, "फुटलेलं उचल. जुळतंय का बघ." एवढंसं पोर बसून कपांचे कान आणि बशांचे काठ जुळवायचं. म्हणाले, "तेच काम अजून चाललंय. फक्त त्याचा पगार मिळायला लागला."

हळूहळू मलाही खापरं कळायला लागली. हसू नका. पंचवीस-तीस वर्षं बघतेय. भाजलेलं कुठलं, चाकावरचं कुठलं, हातानं घडवलेलं कुठलं, बोटांनीच कळतं मला. त्यांनी मला एक सोपा नियमही शिकवला होता. चाळणीत कधी चिनी मातीचा कपबशीचा तुकडा आला की ते म्हणायचे, "पांढरं-निळं, कालचं. फेका." मग मीही दुरून बघून सांगायची, "पांढरं-निळं, कालचं," आणि बांधापलीकडं भिरकावून द्यायची. ते टाळ्या वाजवायचे. "वहिनी, तुमाला विद्यापीठात घ्यायला पायजे."

एवढ्या वर्षांत एक गोष्ट तेवढी राहून गेली होती. त्यांच्या बायकोला मी कधी बघितलं नव्हतं. आन्नाबाई. शाळेत गाणं शिकवायच्या. ऊन सोसत नाही म्हणून आल्या नाहीत. मी दरवर्षी साहेब निघताना त्यांच्यासाठी एक खण आणि शेंगदाण्याच्या चटणीची बरणी द्यायची आणि म्हणायची, "पुढच्या साली घेऊन या बरं का." ते खण छातीशी धरायचे आणि म्हणायचे, "बघू वहिनी. पुढच्या साली."

ह्या वर्षी ते आले तेच गुडघ्याला पट्टा बांधून. डॉक्टरनं सांगितलं होतं, आता प्रवास बंद. ही शेवटची खेप. उकिरड्यासमोर ह्या वेळी अर्धा तास उभे होते.

निघायला तीन दिवस राहिले होते. बुधवार. मी सकाळी बसून मेथी निवडली, काड्या टोपलीत टाकल्या आणि कपडे धुवायला घेतले. मशीनमध्ये टाकायच्या आधी खिसे बघायची माझी सवय. त्यांच्या प्यांटीला सतरा खिसे, एकेक उलटा केला. पेन्सिलीचं थुटूक, दोन वेलदोडे, दोरीचा गुंडा, आणि डाव्या खिशात एक तुकडा. पांढरा, रुपयाएवढा, वर निळी रेघ. कडा झिजून गुळगुळीत.

मी बघितलं आणि हसले. म्हटलं, भावजी आता म्हातारे झाले, चुकून कालचं उचलून आणलं. त्यात घरात फुटकी काच, फुटका कप ठेवू नये, अवदसा येते. मागच्या खोलीत तीस पोती फुटकं भरलेलं आहे, पण ते जुनं. त्याला दोष नाही. हे पांढरं-निळं, कालचं. टाकलं टोपलीत मेथीच्या काड्यांवर आणि टोपली उकिरड्यावर ओतून आले. वर मनात म्हणते, बघा, शिकवलेलं कसं लक्षात आहे माझ्या!

गुरुवारी दत्तूसाहेब जेवले नाहीत. खड्ड्यातली चाळलेली माती त्यांनी परत चाळायला घेतली. सारखा डाव्या खिशाकडं हात जायचा आणि रिकामा परत यायचा. शुक्रवारी सकाळीही तेच. नदीकडून घरापर्यंत मान खाली घालून चालत आले, पाऊल-पाऊल बघत. मी विचारलं, "काय हरवलं भावजी?"

"काय न्हाई. एक तुकडा."

"कसला?"

"पांढरा. निळी रेघ."

माझ्या हातातला डाव आमटीतच राहिला. म्हटलं, "भावजी... तो मी टाकला. कालचा म्हणून."

मला वाटलं आता ओरडतील. ओरडायलाच पाहिजे होतं. पण त्यांनी डोळे मिटले, उघडले, आणि शांतपणे विचारलं, "कुठल्या दिवशी? ढिगाच्या कुठल्या बाजूला?"

आणि तेवढ्यात मागच्या बाजूनं घरघर ऐकू आली. मालकांनी शेणखत वावरात टाकायला लोडर आणि ट्रॉली बोलावली होती! मी हातात आमटीचा डाव घेऊन तशीच पळाले. ट्रॉली निम्मी भरलेली. लोडरनं गोठ्याकडची बाजू उचलली होती आणि आता त्याचं तोंड घराकडच्या बाजूला वळलं होतं. मी जाऊन सरळ त्याच्यापुढं उभी राहिले.

"मावशी, बाजूला व्हा की!" ड्रायव्हर ओरडला.

"सुमन, येड लागलं का तुला?" मालक.

"बंद करा ते! माझ्या उकिरड्याला हात लावायचा न्हाई कुणी!"

मालक म्हणाले, "तुझा उकिरडा?" चाळीस वर्षांच्या संसारात मी घरावर हक्क सांगितला नव्हता, आणि उकिरड्यावर सांगितला. ते एवढे चकित झाले की त्यांनी खरंच लोडर थांबवला.

मी म्हटलं, "भावजी, खिळे आणा. दोरी आणा."

मग आम्ही घराकडच्या बाजूला दोरीनं चौकोन आखले. शास्त्राप्रमाणे. साहेब नेहमीच्या सवयीनं मध्ये पाऊल टाकायला गेले, मी खेकसले, "हां हां! पाय न्हाई! तो माझा थर हाय!" ते बिचारे ब्रश घेऊन काठावर उकिडवे बसले. कारण तीन हजार वर्षांपूर्वीचे थर त्यांना वाचता येत असतील, पण हे थर जगात मला एकटीलाच वाचता येत होते. मी वरून उतरत गेले. "ही आजची राख आन् चहाची पत्ती. ही शेंगांची टरफलं, काल दुपारी कूट केला. ही वाटाण्याची, बुधवारी रात्रीची उसळ. आता ह्याच्या खाली मेथीच्या काड्या लागल्या की तिथंच. वाटाण्याच्या खाली, मेथीच्या काड्यांत."

ड्रायव्हर लोडरवरून उतरून बघायला आला होता. म्हणाला, "मावशी, तुमी कोर्टात पायजे व्हत्या."

मेथी लागली. काडी-काडी वेगळी केली. तुकडा नाही. मधेच अंड्याची टरफलं निघाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. बुधवारी आमच्याकडं संकष्टी होती. मी मालकांकडं बघितलं. दत्तूसाहेबांनी आभाळाकडं बघितलं. वहीत काही लिहिलं नाही. मालकांनी ते बघितलं, आणि त्यांच्या मिशा पहिल्यांदाच जरा सैल पडल्या.

"कोंबड्यांनी थर बिघडवले असतील," साहेब म्हणाले. "हे नेहमीचं हाय. त्यांच्या वेळी कुत्री बिघडवायची." पण आवाज पार खोल गेला होता.

मालक कंबरेवर हात ठेवून उभे होते. त्यांचं लक्ष आमच्या चौकोनांकडं नव्हतंच. पलीकडं, दोरीच्या चार हात बाहेर, आमची तुरेवाली कोंबडी माती उकरत होती. मालक तिच्यामागं गेले, तिला हुसकलं आणि वाकले.

"हे का?"

"उचलू नका!" दत्तूसाहेब असे ओरडले की कोंबडी उडून ट्रॉलीवर बसली. "जागेवर राहू द्या! आधी मोजायचं!"

आणि खरंच मोजलं हो. गुडघ्याचा पट्टा सावरत गेले, टेप लावला, भिंतीपासून किती, गोठ्यापासून किती, वहीत लिहिलं. मग उचलला. सदऱ्याला पुसला. मग मात्र ते तिथंच, उपड्या घमेल्यावर, मटकन बसले.

म्हणाले, "वहिनी, आमच्याकडं लग्नाच्या आदल्या संध्याकाळी लोक नवरीच्या दारात येऊन कपबशा फोडतात."

"अगं बाई! अपशकुन!"

"न्हाई, शकुन. जितक्या जास्त फुटतील तितका संसार चांगला. आन् मग नवरा-नवरीनं दोघांनी मिळून झाडून काढायचं. तवा आमी झाडलं. तिनं एक तुकडा उचलला, मी एक. एकाच बशीचे. जुळले."

"मग आन्नाबाईंचा तुकडा?"

"तिच्या हातात ठेवला. जाताना."

मी हातातली मेथीची काडी खाली ठेवली. ते म्हणाले, "सहा वर्षं झाली."

सहा वर्षं! आणि मी दरवर्षी म्हणतेय घेऊन या, आणि हा माणूस म्हणतोय, बघू पुढच्या साली. मी कसंबसं विचारलं, "आन् ते खण?"

"तिच्या कपाटात हायेत. समदे. नंबर घालून."

लोडर केव्हाचा बंद होता, तरी मालक ड्रायव्हरवर ओरडले, "बंद कर म्हटलं ना ते मशीन!" आणि पाठ फिरवून गोठ्यात गेले.

"भावजी, माझं चुकलं," मी म्हटलं.

"न्हाई वहिनी. पांढरं-निळं, कालचं. मीच शिकवलं. मला पोरंबाळं न्हाईत. मी गेलो की माझी प्यांट कुणीतरी धुवायला घेईल, खिसे उलटे करील आन् हेच करील. आन् त्यांना तर थर बी माहीत नसणार."

दुसऱ्या दिवशी, निघायच्या आधी, खड्डा बुजवायचा होता. त्याचाही एक रिवाज आहे. बुजवताना तळाशी त्या सालचं एक नाणं टाकायचं, म्हणजे पुढं हजार वर्षांनी कुणी उकरलं तर त्याला कळावं, इथं आधी कुणीतरी येऊन गेलंय. मी थर्मासात चहा नेला होता, कप नेले होते आणि मालकांची बशीही नेली होती, कारण तिच्याशिवाय ते चहा पीत नाहीत. मालक स्वतः ट्रॅक्टर घेऊन आले होते.

साहेबांनी नाणं काढलं नाही. डाव्या खिशातून तो तुकडा काढला.

"भावजी, काल एवढा शोधला तो ह्याच्यासाठी?"

"खिशातलं कुणीतरी फेकतं वहिनी. माती फेकत न्हाई." आणि मग हसले. "हजार वर्षांनी कुणी शहाणा प्रोफेसर एक तुकडा जर्मनीत उकरील, दुसरा डिंगोऱ्यात. जुळतील. मग हा एवढा जाड ग्रंथ लिहील, ह्या दोन गावांचा मोठा व्यापार चालायचा म्हणून!"

ते खाली उतरले, तळाच्या मातीत तुकडा ठेवला आणि बघत राहिले. एवढ्या मोठ्या खड्ड्यात तो रुपयाएवढा पांढरा ठिपका फार एकटा दिसत होता.

मालकांनी बशीतला शेवटचा घोट फुरकला. बशी पालथी करून झटकली. हिरव्या वेलीकडं एकदा बघितलं. आणि बांधावरच्या दगडावर खाडकन आपटली.

मी किंचाळलेच. मालक म्हणाले, "काय बघते? शकुन हाय. फोड तुझा बी."

मी माझा कप फोडला. खरं सांगते, काय मोकळं वाटतं! दत्तूसाहेब खड्ड्यातून वर बघत हसत होते, डोळे पुसत होते, परत हसत होते. "आता झाडा," म्हणाले, "दोघांनी. असं एकट्यानं चालत न्हाई." आणि दाढीचा ब्रश वर फेकला. आमच्या मालकांनी जन्मात केरसुणीला हात लावलेला नाही. त्या दिवशी त्यांनी आणि मी, एका दाढीच्या ब्रशानं, आळीपाळीनं, कपबशीचे तुकडे झाडून एका ओंजळीत गोळा केले आणि खाली दिले. साहेबांनी ते त्या पांढऱ्या तुकड्याला अगदी लागून मांडले, आधी कपाचे, त्यावर बशीचे.

मग त्यांनी चिठ्ठी काढली. जागा लिहिली. थर लिहिला. तारीख लिहिली. आणि चौथ्या ओळीपुढं पेन्सिल जरा थांबली. मी वरून बघत होते. एकेक अक्षर कोरत, वेड्यावाकड्या मराठीत लिहिलं:

कुणाचं: आन्ना, दत्तू, सुमन, बबन.

मालकांनी चष्मा लावून वाचलं. "माझं नाव शेवटी का?"

"बबनभाऊ, खालून वर लिहितात. तुमची बशी वरच्या थरात हाय."

मालक "हूं" म्हणाले. ट्रॅक्टरला मागं लावलेलं माती लोटायचं फाळकं तसंच राहू दिलं, गुडघ्यावर बसले आणि पहिली ओंजळ हातानं टाकली.